फॉरेन्सिक सायकॉलॉजी सोलापुरातच शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेल्या मुली निकाल लागला की हमखास विचारतात, "मॅडम, फॉरेन्सिक सायकॉलॉजी करायचंय, कुठे जाऊ?" फॉरेन्सिक सायकॉलॉजी म्हणजे पोलीस तपास आणि न्यायालयाच्या कामी येणारे मानसशास्त्र. मी गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचे नाव सांगते. तिथे या विषयात एम.एस्सी. करता येते. पण अक्कलकोट, मंगळवेढ्याकडच्या घरांतून मुलीला गुजरातेत ठेवायचे म्हटले की विषय बहुधा तिथेच संपतो. हुशार मुली असतात, फार वाईट वाटते.

मालिका पाहून अनेकांना वाटते की नार्को (औषध देऊन गुंगीत प्रश्न विचारणे), पॉलिग्राफ (खोटे पकडण्याचे यंत्र) म्हणजेच हे शास्त्र. संशयिताच्या संमतीविना या चाचण्या करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात 2010 मध्येच स्पष्ट केले. या विद्येचे मोठे काम दुसरीकडे आहे. साक्षीदाराला, त्यातही लहान मुलाला, प्रश्न कसा विचारायचा?

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांचा 1974 चा प्रयोग मी वर्गात दर वर्षी सांगते. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवून काहींना विचारले, गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता. काहींना 'आदळून चक्काचूर झाल्या' अशा भाषेत विचारले. आठवड्याने प्रश्न आला : फुटलेली काच दिसली होती का? पहिल्या गटात 50 पैकी 7 जण 'हो' म्हणाले, दुसऱ्यात 50 पैकी 16. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

शिकल्यासवरल्या तरुणांचे असे होते, तर भेदरलेल्या मुलाचे काय होईल? आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातले मूल घरी तेलुगू बोलते, अक्कलकोटकडचे कन्नड. जबाब मात्र अनेकदा मराठीत लिहिला जातो. मुलाने सांगितले तसेच नोंदवावे आणि गरज पडल्यास जाणकार दुभाषी घ्यावा, अशी सोय पॉक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम 26 मध्ये आहे. पण प्रश्नातून उत्तर न सुचवता मुलाच्या भाषेत बोलू शकेल, असे माणूस इथेच घडवावे लागेल. सोलापूरचे तेलुगू गांधीनगरला कोण शिकवणार?

अत्यंत गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या 16 ते 18 वयाच्या मुलांचाही प्रश्न आहे. त्यांच्यावर प्रौढांसारखा खटला चालवायचा का, हे ठरवण्यासाठी त्यांचे प्राथमिक मूल्यांकन बाल न्याय मंडळ करते. मंडळात बालमानसशास्त्राची किंवा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेला व्यावसायिक सदस्य नसेल तर तज्ज्ञांची मदत घेतलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितले. त्या मूल्यांकनावर मुलाचे पुढचे सारे आयुष्य ठरू शकते.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने या विषयाची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका सुरू करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कायदा शिकवायला दयानंद विधी महाविद्यालय शहरात आहे, मनोविकारशास्त्रासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जे विषय शिकवायला इथे कोणी नाही, ते बाहेरच्या प्राध्यापकांनी ऑनलाइन शिकवावेत. मुलाखतीचा सराव मात्र समोरासमोर आणि मराठी, तेलुगू, कन्नड या तिन्ही भाषांत हवा. वर्ग संध्याकाळी ठेवले तर पदवीधर पोलीस आणि तरुण वकीलही येऊ शकतील. त्यांच्यासाठी काही जागा पहिल्या वर्षापासूनच राखाव्यात.

आपली,
मानसशास्त्राची एक प्राध्यापिका,
जुळे सोलापूर