शेजारच्या काकूंना, जाहीरपणे

काकू,

तोंडावर आभार मानले की तुम्ही 'त्यात काय एवढं' म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

आमच्या परसातलं ते रान तुम्ही कुंपणापलीकडून कित्येक वर्षं बघत होतात. घाणेरीची जाळी, भिंतीवर चढलेले वेल, खाली जुन्या बांधकामाचा राडारोडा, गंजका पत्रा, फुटक्या कुंड्या, आणि या सगळ्याच्या बुडाशी लव्हाळा, गवतासारखं दिसणारं ते चिवट तण. दर सुट्टीच्या आधी 'या वेळी करायचंच' असं घरात ठरायचं आणि बघता बघता सोमवार उजाडायचा. परवाच्या शनिवार-रविवारी ते झालं. येणारेजाणारे म्हणतात, 'काकूंनी या वयात काय काम केलं!' केलंतच. पण मला आभार मानायचेत ते तुमच्या हातांपेक्षा तुमच्या क्रमाचे. आधी काय, मग काय, आणि कशाला आज हातच लावायचा नाही, हे तुम्ही ठरवून आला होतात. आमच्याकडे हात भरपूर होते, हे ठरवणारं कोणी नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळीच तुमचा निरोप आला होता: जमीन भिजवून ठेव. सकाळी आल्या आल्या तुम्ही मूठभर माती दाबून पाहिलीत. गोळा झाला, बोटाने टोचल्यावर फुटला, हाताला चिखल लागला नाही. 'वाफसा आलाय, चला.' कोरड्या जमिनीत तण ओढलं की वरचं हातात येतं आणि मूळ आत राहतं, आणि चिखलात उतरलं तर पायांनीच माती चेपून घट्ट होते. हे ऐकून माहीत असणं वेगळं. अखंड मूळ सुळकन बाहेर आलं तेव्हा मी लहान मुलासारखी ओरडले होते, ते तुम्ही अजून सगळ्यांना सांगता.

कामाआधीचा तुमचा पहिला प्रश्न मात्र धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल होता. भाऊजींना शेवटचं कधी घेतलं ते आठवेना. दहा वर्षं उलटली असणार, असं म्हणून तुम्ही त्यांना सरळ दवाखान्यात पिटाळलंत. त्यांनी गंजक्या पत्र्याला हात न लावण्याचं वचन देऊन पाहिलं, पण तुम्ही बधला नाहीत. जंतू गंजात नसतात, मातीत असतात, आणि मातीचा काटा खोल गेला तरी पुरतो. मला तेव्हा ते जरा अतीच वाटलं, खरं सांगते. भाऊजींनाही वाटलं. परत आल्यावर तासाभरात घाणेरीने त्यांचं मनगट ओरबाडलं, तेव्हापासून दोघांनाही वाटेनासं झालं.

पत्रा उचलण्याची तुमची रीत आता मी भेटेल त्याला सांगत असते. आधी काठी आपटत, पाय वाजवत जायचं. मग पत्रा आपल्याकडच्या कडेने वर करायचा नाही. लांब आकडीने पलीकडची कड आपल्याकडे ओढत उचलायची. खाली साप असला, विंचू असला तर वाट पलीकडे मोकळी होते आणि पत्रा आपल्यापुढे ढालीसारखा उभा राहतो. आमच्या पत्र्याखालून एक लठ्ठ बेडूक निघाला. तुम्ही 'बघ, राखणदार' म्हणालात आणि पुढच्या कामाला लागलात.

घाणेरीबद्दल काय लिहू? वरून छाटली की महिन्याभरात दुप्पट फुटवे घेऊन उभी, हे आमचं आणि तिचं जुनं भांडण. तुम्ही फांद्या बाहेरून आत छाटत नेल्यात, पण बुंधा जमिनीलगत कापू दिला नाहीत. कमरेएवढा दांडा ठेवला, भोवतीची माती कुदळीने मोकळी केली, पहारीखाली वीट सरकवली, आणि मग तोच दांडा धरून झाड हलवायला सांगितलंत. गड्डा मुळासकट वर आला. आखूड खुंट असता तर धरणार काय, हे त्या क्षणी कळलं. पिकलेली फळं तुम्ही आधी वेगळी वेचून घेतली होती, कारण ती पाखरं खातात आणि बी चहूकडे पेरतात.

एक झाड मात्र आलं नाही. कोपऱ्यातल्या जुन्या खुंटाशी भाऊजी दुपारभर झुंजले. शेवटी तुम्ही पहार काढून घेतलीत, म्हणालात, राहू दे, पाठ मोडशील, हे पुढच्या पावसाळ्यानंतर, आतून कुजलं की. 'राहू दे' असं म्हणणारा माणूस त्या दिवशी आम्हाला फार उपयोगी पडला. आम्ही सगळे इतके ईर्ष्येला पेटलो होतो की त्या एका खुंटापायी उरलेलं परसदार तसंच राहिलं असतं.

उन्हाचंही तुम्हीच बघितलंत. सकाळी पूर्वेच्या भिंतीच्या सावलीत, चार वाजल्यानंतर पश्चिमेच्या, आणि मधल्या वेळात नुसतं निवडत बसायचं. पाला एकीकडे, काटक्या एकीकडे, विटा-फरशीचे तुकडे वेगळे, काच नि पत्रा वेगळा. पाचवा ढीग 'बघू' नावाचा, तो आमच्या घरच्यांनी सुरू केला आणि तोच सर्वांत मोठा झाला. तुम्ही त्याकडे पाहून काही बोलला नाहीत, ही सभ्यता लक्षात आहे.

पाला पेटवून मोकळं व्हावं असं एक मत घरात होतंच. तुम्ही वाद घातला नाहीत, फक्त फावडं हातात दिलंत. वाळका पाला, वर हिरवं, वर थोडी माती, पुन्हा वाळका. वाळकं जास्त, हिरवं कमी, नाहीतर कुबट वास सुटतो. ढीग निदान कमरेइतका उंच आणि तेवढाच रुंद हवा, त्याहून लहान असला तर आत ऊब धरत नाही. आता ढिगात हात घातला तर चटका बसतो. लव्हाळ्याचा एकही कंद त्यात जाऊ द्यायचा नाही, ही तुमची ताकीद पाळली आहे.

लव्हाळ्यापाशीच तुमचा खरा अभ्यास दिसला. मातीखाली त्याचे कंद बारीक मुळ्यांनी एकमेकांना साखळीसारखे जोडलेले असतात. टोकाचा कंद वाढत असतो तोवर मागचे झोपलेले राहतात. खुरप्याने साखळी तोडली की झोपलेले सगळे जागे होतात. म्हणजे खुरपणाऱ्याला वाटतं आपण तण काढतोय, आणि होते ती लागवड. तुम्ही चार दात्यांचा पंजा खोल घालून ढेकूळच वर आणलंत, माती हाताने झाडलीत आणि कंद फरशीवर उन्हात वाळत टाकलेत. वर प्लास्टिक अंथरू का, या प्रश्नाला 'ते भोसकून वर येतं' एवढंच उत्तर. त्याला सावली सोसत नाही, तेव्हा दाट पानांचं काहीतरी लाव, हा सल्ला मानला आहे.

एका बाबतीत मी अजून तुमच्याशी सहमत नाही. कुंपणालगतचा तो कोपरा, लाकडांचा ढीग आणि वाळक्या काटक्या, बेडकासाठी आणि सरड्यांसाठी म्हणून तुम्ही साफ करू दिला नाहीत. माझी नजर रोज तिथेच अडते. पण त्याला हात लावलेला नाही, कारण बाकी सगळ्यात तुमचंच बरोबर निघालं.

लव्हाळा पुन्हा डोकावलाय, तुम्ही म्हणाला होतात तसा, भिंतीच्या कडेने. कोंब वर आला की लगेच खणायचा, नवे कंद धरू द्यायचे नाहीत, हे लक्षात आहे. म्हणून पहार धुऊनपुसून, तेल लावून संध्याकाळी पोचवते, पंजा मात्र अजून थोडे दिवस आमच्याकडे राहू द्या.

तुमची,
कुंपणाअलीकडची