चौथ्या गेअरमध्येच राहू दे

कारंजा (लाड)
सोमवार, रात्री साडेनऊ

चि. सौ. मीनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल मी फोन मध्येच ठेवला. "बाबांची गाडी भंगारात घालतेस?" असं बोलून गेले आणि त्यानंतर तुझ्याकडून आवाजच आला नाही. पाचवा महिना लागलेल्या लेकीला असं बोलायला नको होतं. रात्रभर डोळा लागला नाही. फोनवर समजावायला गेले तर मी रडेन, मग तू रडशील, आणि विषय राहील बाजूला. म्हणून लिहायला बसले.

आधी हे सांगते की तुझा निर्णय बरोबर आहे. मी सकाळी बोटांवर मोजलं. तुम्ही दोघं, छकुली, येणारं बाळ, तुझे सासू-सासरे, झाले सहा. आणि तू म्हणालीस तशी सातवी जागा माझी. बाबांच्या मारुती आठशेमध्ये इतकी माणसं बसवायची म्हणजे दादाच्या लग्नातल्यासारखं व्हायचं. तुझ्या सासूबाईंचे गुडघे तर मागच्या सीटवर चढताना बघवत नाहीत. अर्टिगा बघितली आहे मी, जोशीकाकूंच्या मुलाकडे आहे. मधल्या सीटवर उठबस सोपी आहे. पाडव्याला आणताय, तर छान मुहूर्त आहे. आपली आठशेसुद्धा पाडव्याचीच, फक्त दिवाळीच्या.

97 ची दिवाळी. तू चौथीत होतीस. अकोल्याहून गाडी आणली तेव्हा बाबांनी मूर्तिजापूरपर्यंत एकदाही हॉर्न वाजवला नाही, नव्या गाडीला त्रास नको म्हणून. पासिंग अकोल्याचं, एमएच-30. आठ महिन्यांत, 98 च्या जुलैत, वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि शेजारपाजारच्या नव्या गाड्यांवर एमएच-37 यायला लागलं. बाबा म्हणायचे, आपली गाडी जिल्ह्यापेक्षा थोरली आहे. शाळेतून सुटल्यावर तू आणि दादा नंबरप्लेट कापडाने पुसायचात, आठवतं? डाव्या दारावरचा पोचा सोनाळकरांच्या बैलबंडीची धुरी लागून पडलेला. बाबांनी तो कधीच काढू दिला नाही. सोनाळकरांना वाईट वाटेल, म्हणाले. का वाटावं, ते मला आजही कळलेलं नाही, पण पोचा तसाच राहिला.

थंडीत चोक ओढून चालू करायची. दोनदा खोकायची आणि मग लागायची. 796 सीसी, तीन सिलिंडर. मी दहावीच्या वर्गाला इंजिन शिकवताना तिचंच बॉनेट उघडून दाखवलं आहे, शाळेच्या पटांगणात चाळीस पोरं भोवती उभी करून. आज त्यांतला एक पुण्यात गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. परवा बाजारात भेटला तर पाया पडला आणि आधी गाडीचंच विचारलं.

असो. भंगाराचं म्हणशील तर तेही मला समजतं. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी पासिंग. बाबांनी 2012 ला वाशीमला केलं, मग तू 2017 आणि 2022 ला. पूर्वी सहाशेत व्हायचं, 2022 ला तुला पाच हजार भरावे लागले, वर पर्यावरण कर. पुढच्या वर्षी पुन्हा पासिंग आलंच. मोडीत काढणाऱ्या सरकारमान्य केंद्रात दिली तर प्रमाणपत्र मिळतं, नव्या गाडीच्या करात सवलत मिळते, हेही जावईबापूंनी मला नीट समजावून सांगितलं. कुणा अनोळखी माणसाने रात्री-बेरात्री वाटेल तशी फिरवण्यापेक्षा हे बरं. मन तयार व्हायला एक दिवस लागला, इतकंच.

आता जे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, ते लिहिते. मीनू, समृद्धी महामार्गावर गाडी जोरात चालवू नकोस.

संक्रांतीला तुम्ही भाड्याची मोठी गाडी घेऊन आलात. नाशिकहून साडेपाच तासांत कारंजा, असं जावईबापू कौतुकाने सांगत होते. मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा, जालना, वैजापूर असं करत पूर्वी आपण पहाटे निघायचो आणि नाशिकला दिवेलागण होऊन जायची. पण रात्री छकुली माझ्या कुशीत झोपताना म्हणाली, "आजी, आई ना गाडी चालवताना झोपली होती, मग बाबा खूप ओरडले." मी तुला विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. महिना झाला, ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

तुझी चूक काढत नाही मी. चौथा महिना, दुपारचं जेवण, सरळ रस्ता, गार हवा आत आणि काचेबाहेर काहीच हलत नाही. ना बैल आडवा येतो, ना सायकलवाला, ना एसटीचा थांबा. डोळा कुणाचाही लागेल. पण ताशी 120 म्हणजे एका सेकंदाला 33 मीटर. दोन सेकंद पापणी मिटली तर 66 मीटर गाडी आपली आपण गेली. आपल्या फाटकापासून मारुतीच्या पाराच्याही पुढे. आणि वेग साठचा एकशेवीस झाला की ब्रेक मारल्यावर थांबायला अंतर दुप्पट लागत नाही, चौपट लागतं. वेगाचा वर्ग असतो त्यात. तुला हे मी नववीत शिकवलं आहे, आणि तू गणित बरोबर सोडवलं होतंस.

बघ, पुन्हा फळ्यापुढे उभी राहिले. माफ कर. तू माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवतेस हे मला माहीत आहे. बाबा गेल्यावर वर्षश्राद्ध आटोपून तू ती गाडी एकटीने नाशिकला नेलीस, तेव्हा मी फाटकात उभी राहून वळणापर्यंत बघत होते. भीती वाटत होती आणि अभिमानही. आळीतल्या बायकांना मी आठवडाभर सांगत होते, माझ्या लेकीने नेली म्हणून.

पण तेव्हा मला एवढी धास्ती नव्हती, आणि का नव्हती ते आता कळतं. आठशे तुला जोरात जाऊच देत नसे. ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागायचं, दारं खडखडायची, बोलणं ऐकू येईनासं व्हायचं. आपोआप पाय वर यायचा. संक्रांतीच्या त्या भाड्याच्या गाडीत एकशेवीसला छकुली चित्रं रंगवत होती आणि रेघ बाहेर गेली नाही. तेच मला भिववतं. नवी गाडीही तुला काही सांगणारच नाही. तुझं तुलाच लक्षात ठेवावं लागेल.

2009 ची ती रात्र तुला अर्धवट माहीत आहे. तू तेव्हा अमरावतीला होस्टेलवर होतीस, दादा पुण्यात. साडेअकराला बाबांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, अकोल्याला न्या, आत्ता. गाडी मिळेना. मला गाडी शिकून सहाच महिने झालेले, तेही शकुंतला रेल्वेच्या रुळाशेजारच्या मैदानावर, आणि रात्री कधीच चालवली नव्हती. शेजारच्या अण्णांनी बाबांना पुढच्या सीटवर बसवलं, ते स्वतः मागे बसले, आणि मी निघाले. मूर्तिजापूरच्या रस्त्याला दोन्हीकडे पऱ्हाटी, समोरून ट्रकचे दिवे, बाबांचा श्वास. मी नुसता पाय दाबत गेले. नव्वद झाले असतील. स्टेअरिंग हातात नाचायला लागलं. बाबांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी डोळे न उघडता उजवा हात माझ्या गेअरवरच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "चौथ्या गेअरमध्येच राहू दे. घाई नको. पोचतो आपण."

पुढे कुठला गेअर नव्हताच त्या गाडीला. चारच गेअर. त्यांना म्हणायचं होतं, हळू. मी पाय काढला, गाडी साठावर आली, स्टेअरिंग शांत झालं. आणि पुढच्याच वळणावर एक ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्यात उभी होती, मागे दिवा नाही, लाल काच नाही, काही नाही. मी थांबवू शकले. अण्णा मागून "नरसिंह सरस्वती, नरसिंह सरस्वती" म्हणत होते. ट्रॉलीच्या फळीवर खडूने कापसाचं वजन लिहिलेलं होतं, ते मी वाचलं इतक्या जवळ होते. बाबा त्यानंतर सात वर्षं जगले. तुझं लग्न त्यांनी केलं.

म्हणून मी म्हणते. मोठ्या गाडीचा मला राग नाही.

आणि रस्त्यालाही मी नावं ठेवत नाही. कास्तकाराची संत्री एका रात्रीत मुंबईला जातात, कुणाचं पेशंट वेळेत संभाजीनगरला पोचतं. पण 2023 च्या जुलैत सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली, 25 माणसं गेली. नागपूरहून पुण्याला निघालेली पोरं होती त्यात. तुम्ही येताना तिथूनच येता. तुम्ही निघालात असा फोन आला की मी देवापाशी बसते ते पोचेपर्यंत उठत नाही, हे दादाने तुला सांगितलं असेलच.

आता थोडं कामाचं, तेवढं ऐकून घे. लांब निघायच्या आदल्या दिवशी टायरची हवा बघायची, टायर गार असताना, दारावरच्या स्टिकरवर लिहिलेली असते तेवढी. सात माणसं आणि सामान असेल तेव्हाचा आकडा वेगळा असतो. हवा कमी असली की टायर दबत-दबत तापतो, आणि सिमेंटच्या रस्त्यावर त्या वेगात तापलेला टायर फुटतो. दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करायचे, या महिन्यांत तर दीड तासाने. जेवणानंतर लगेच तू चालवायचं नाही. छकुली मधल्या रांगेत, तिच्या सीटवर, पट्टा लावून. शेवटच्या रांगेच्या मागे काचेशिवाय काय असतं? आणि तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसायचं नाही, कुणी कितीही म्हणो. छकुलीला मी तशी घेऊन बसले आहे, तीन महिन्यांची असताना, दर्यापूरच्या लग्नाला. आज आठवलं की अंगावर काटा येतो. तेव्हा कुणी बोललं नाही, मलाही सुचलं नाही.

फार झालं. तू म्हणशील, आई दोन पानं गाडीवर आणि पोटातल्या बाळाबद्दल एक ओळ नाही. तर ऐक, डिंकाचे लाडू करून ठेवले आहेत, पण ते बाळंतपणानंतरचे. आत्ता खायला शेंगदाण्याचे पाठवते. लोहाच्या गोळ्या जेवणानंतर लिंबू-पाण्याबरोबर घे, चहाबरोबर नको. आणि तुझ्या आवाजात थकवा येतो आहे, जावईबापूंना सांग रात्रीची भांडी त्यांनी घासावी. त्यांना मी नावं ठेवत नाही, ते ओरडले म्हणून तुम्ही सगळे आज आहात.

गाडी द्यायच्या आधी समोरचा कप्पा उघडून बघ. बाबांची निळी वही असेल. तारीख, किलोमीटर, लिटर आणि हवा, असे चार रकाने त्यांनी पट्टीने आखलेले आहेत. पंधरा दिवसांनी एक ओळ, एकही चुकलेली नाही. शेवटची ओळ माझ्या अक्षरात आहे, ते दवाखान्यात असताना त्यांनी सांगितली आणि मी लिहिली. ती वही मला पाठव. नको, पाठवू नकोस, टपालात हरवेल. येशील तेव्हा आण.

आणि तिला द्यायला जाशील तेव्हा तू स्वतः चालवत ने. टोइंगच्या गाडीला मागून बांधून नेऊ नका. छकुलीला बरोबर घे. एक नारळ फोड.

पाडव्याला नवी गाडी आणली की पहिल्यांदा घेऊन कारंज्यालाच या. गुरुमंदिरात पूजा करू. सकाळी उजाडल्यावर निघा, अंधारात नको. जालन्याला थांबून चहा घ्या. मेहकरच्या आसपास पुन्हा थांबा. वाटेतून फोन करू नका, पोचल्यावरच हाक मारा, फाटक उघडंच ठेवते. दुपारचे चार वाजले, पाच वाजले तरी चालेल. वरण-रोडगे करते, गार झाले तर पुन्हा गरम करीन.

मी सातव्या जागेवर बसून बघणार आहे. पट्टा लावूनच.

तुझी,
आई

ता. क. — चार चाकांची हवा सगळेच बघतात. स्टेपनीची बघत जा. बाबा सगळं लिहायचे, पण तेवढं एक नेहमी विसरायचे.