पत्रादेवीच्या अलीकडे बायकोचा अर्धा वाटा कुठे जातो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत विवाहपूर्व करारावर (म्हणजे मालमत्ता कुणाची कशी राहील हे लग्नाआधीच लिहून ठरवण्यावर) आलेला लेख वाचला. असले करार म्हणजे नटनट्या आणि उद्योगपतींचे चोचले, असा त्याचा सूर होता. शिवाय ‘भारतात असा करार कुठेच चालत नाही’ असे एक ठाम वाक्यही होते. ते वाक्य चूक आहे. आमच्या सावंतवाडीहून बांद्यामार्गे निघालात की पाऊण तासाच्या आत गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका लागतो. तो ओलांडला की असा करार चालतो, आणि आपल्या पणजोबांच्या काळापासून चालत आला आहे. माझे आयुष्य तहसील कचेरीच्या आवारात दस्त लिहिण्यात गेले. पेडणे, डिचोलीकडची सोयरीक असल्याने दोन्हीकडची कागदपत्रे डोळ्यांखालून जात. म्हणून हा पत्रप्रपंच.

गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आहे. ती तिथे १८७० पासून लागू झाली. मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने ती कायम ठेवली आणि कौटुंबिक बाबतीत तिचाच अंमल आजही आहे. वारसाहक्काच्या भागासाठी गोवा विधानसभेने २०१२ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि तो २०१६ च्या डिसेंबरात अमलात आला, पण गाभा बदलला नाही. लग्नाआधी नोंदणी कार्यालयात रीतसर दस्त करून नवराबायकोने वेगळे काही ठरवले नसेल, तर दोघांची मालमत्ता एक होते. लग्नाआधीची, नंतर मिळवलेली, वारसाने आलेली, काही अपवाद सोडले तर सगळीच. त्यात दोघांचा निम्मा निम्मा वाटा. ज्यांना हे नको त्यांनी लग्नाआधीच करार करून मालमत्ता पूर्ण वेगळी ठेवावी, किंवा आधीची वेगळी आणि नंतरची सामाईक असे ठरवावे. एकदा लग्न लागले की मग त्यात बदल नाही.

गोव्यातले खरेदीखत पाहिले की हे लगेच दिसते. विकणाऱ्याच्या नावाखाली त्याच्या पत्नीचे नाव येतेच, आणि तिच्या सहीशिवाय घरजमिनीचा व्यवहार होत नाही. आमच्याकडच्या खरेदीखतात बायको असलीच तर साक्षीदार म्हणून.

म्हणजे तिथे अर्धा वाटा हा नियम आणि करार हा अपवाद. तुमच्या लेखाचे (आणि टीव्हीवरच्या बहुतेक चर्चांचे) काय चुकते, तर आपल्याकडे मूळ नियमच नसताना अपवादावर वाद घातला जातो. महाराष्ट्रात हिंदू जोडप्यांसाठी संसारात उभ्या राहिलेल्या मालमत्तेत बायकोचा हिस्सा असे काही कायद्यात नाहीच. जे ज्याच्या नावावर, ते त्याचे. मग ‘घटस्फोट झाला तर माझे माझ्याकडेच राहील’ असा करार नवऱ्याने करायचा तरी कशासाठी? करार न करताही ते त्याच्याकडेच राहते.

तरीही लोक येतात. परदेशात नोकरी करणारा मुलगा, शिकलेली मुलगी, दोघेही समजूतदार. ‘काका, स्टॅम्पपेपरवर लिहून द्या.’ असा कागद लिहिता येतो, नोटरीचा शिक्काही बसतो, पण न्यायालयात त्याला करार म्हणून बळ मिळणे कठीण. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २३ सांगते की लोकहिताला बाधक करार रद्दबातल, आणि विभक्त होण्याच्या अटी आधीच ठरवणारे करार न्यायालयांनी त्याच खात्यात टाकले आहेत. मुसलमानांच्या निकाहनाम्यात मेहेर आणि इतर अटी लिहिण्याची सोय आहे, कारण तो विवाह मुळात करारच. हिंदू विवाह संस्कार मानला गेल्याने ती वाट बंद.

याहून वाईट म्हणजे फारकतीचे कागद. नवराबायको, दोन्हीकडचे मामा, गावचे चार प्रतिष्ठित, आणि मुद्रांकावर मजकूर: ‘आजपासून आमचा एकमेकांशी संबंध राहिला नाही.’ हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) मध्ये रूढीने होणाऱ्या काडीमोडीला जागा आहे, हे खरे. पण ती रूढी त्या जातीत पूर्वापार चालत आली आहे हे न्यायालयात सिद्ध करावे लागते. ते झाले नाही तर कागदाची किंमत शून्य. मग तिने दुसरे लग्न केले तर ते बेकायदा ठरते, आणि पहिल्याची पोटगीही कागदावर सोडलेली असते. असे कागद लिहून देणारे प्रत्येक तालुक्यात आहेत. वकिलांच्या संघटनांनी यावर बोलायला हवे.

आता दोन सख्ख्या बहिणी धरा. एक पेडण्यात दिली, दुसरी सावंतवाडीत. दोघींनी वीस वर्षे संसार केला. दोघींच्या नवऱ्यांनी त्या काळात घर बांधले. दोघींनी पगारातून किराणा, शाळेची फी, सासूचे औषधपाणी भागवले, म्हणून नवऱ्यांना घराचे हप्ते भरता आले. संसार मोडला तर पेडण्यातली अर्ध्या घराची मालकीण म्हणून बाहेर पडते. सावंतवाडीतली पोटगीचा अर्ज करते. किराण्याच्या पावत्या वीस वर्षे कोण जपून ठेवतो? हप्ते मात्र बँकेच्या उताऱ्यावर स्पष्ट दिसतात, नवऱ्याच्या खात्यातून गेलेले.

आमच्या कायद्यात काहीच नाही असे म्हणणार नाही. हिंदू विवाह कायद्यात कलम २४ ची अंतरिम पोटगी आहे, कलम २५ ची कायम पोटगी आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आणि ते घर सासऱ्याच्या नावावर असले तरी तो मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षी रजनीश विरुद्ध नेहा खटल्यात दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि कर्जांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी, असे निर्देश आले. चांगलेच झाले. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे आणि पोटगी म्हणजे वाटा नव्हे. पोटगी मागायची असते. थकली की वसुलीचा अर्ज, मग पुन्हा तारखा. वाट्याचे तसे नसते, तो आपलाच असतो.

मुलांच्या ताब्याचे भांडणही पुष्कळदा इथेच येऊन अडते. पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईकडे, असे १९५६ चा पालकत्व कायदा सांगतो. पुढे बघायचे ते मुलाचे हित. नुसत्या पैशावरून ताबा ठरत नाही, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. पण माहेरी भावाच्या दोन खोल्यांत राहणारी आई आणि स्वतःच्या बंगल्यात राहणारा बाप समोरासमोर उभे राहिले की बापाचा वकील पहिला मुद्दा कोणता काढतो? ‘हिला राहायला जागा नाही, मुलाची शाळाही बदलावी लागली.’ जागा का नाही, हे कुणी विचारत नाही. आणि ही भीती असल्यामुळेच कितीतरी बायका तडजोडीच्या टेबलावर मुलासाठी बाकी सगळे सोडून देतात. परस्परसंमतीच्या अर्जात ‘कायम पोटगीचा हक्क सोडत आहे’ हे वाक्य येते ते असे. ती संमती किती खुशीची असते, हे समुपदेशकांना विचारा.

पुरुषवाचक म्हणतील, उद्या कुणी सहा महिन्यांत लग्न मोडून अर्धे घर घेऊन जाईल. शंका रास्त आहे. तिच्यावरचा उपाय म्हणजेच विवाहपूर्व करार. आईवडिलांचे घर वेगळे ठेवायचे असेल तर लग्नाआधी तसे लिहा, दोघांनी सही करा. मुलीकडच्यांनाही आपण कुठल्या घरात मुलगी देतो ते कळेल. लग्नाच्या बैठकीत पत्रिका, पगार, सोन्याचे वजन सगळे उघड बोलतो, मग घर कुणाच्या नावावर हे विचारायला कसली लाज?

गोव्याचा कायदा म्हणजे स्वर्ग, असेही माझे म्हणणे नाही. मूळ संहितेत सामाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्याच हाती दिलेला आहे. हिंदूंच्या चालीरीतींबद्दलच्या १८८० च्या हुकुमात मूल किंवा मुलगा न झाल्यास नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची मुभा देणारे कलम आहे. ते आता वापरात नाही, पण आहे. वाटणीचे इन्व्हेंटरीचे दावे लांबतात. आणि वाटा दोन्ही बाजूंनी पडतो: बहिणीने माहेरची जमीन विकायची तर मेहुण्याची सही लागते, त्यावरून रुसवेफुगवे झालेले मी पाहिले आहेत. तरीही बायकोला घराबाहेर काढताना माणूस दोनदा विचार करतो, कारण जाताना अर्धे घर तिच्याबरोबर जाते. केंद्र सरकारलाही हे मान्य आहे. गोवेकर नवराबायकोचे घरभाड्यासारखे उत्पन्न दोघांत निम्मे वाटून कर लावायची तरतूद १९६१ च्या आयकर कायद्यातच, कलम ५अ मध्ये आली.

गंमत अशी की समान नागरी कायद्याचा विषय निघाला की प्रत्येक वक्ता गोव्याचे नाव घेतो. उत्तराखंडने २०२५ च्या जानेवारीत आपला कायदा लागू केला, तेव्हाही गोव्याचे गोडवे गायले गेले. पण तिथली ही अर्ध्या वाट्याची व्यवस्था कुणी उचलली नाही. संसदेत एक प्रयत्न झाला होता. घटस्फोटाच्या वेळी पत्नीला पतीच्या मालमत्तेत हिस्सा देण्याची तरतूद असलेले विवाह कायदे दुरुस्ती विधेयक राज्यसभेने २०१३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर केले. लोकसभेत ते मंजूर झालेच नाही आणि २०१४ ला सभागृहाबरोबर संपले. त्यानंतर त्याचे नावही कुणी काढत नाही.

महाराष्ट्राला याचे वावडे असायचे कारण नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा राजीखुशीने बायकोच्या नावावर केला. कायद्याची सक्ती नव्हती, मागून सरकारने सात-बाराच्या नोंदीची सोय केली. आजही नवऱ्याने राहते घर किंवा शेतजमीन बायकोला बक्षीसपत्राने द्यायची तर मुद्रांक शुल्क अवघे दोनशे रुपये, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा किरकोळ खर्च. ही सवलत २०१५ पासून आहे आणि लोकांना माहीत नाही. माझ्याकडे असे कागद करायला आलेल्यांत बहुतेक जण मुलांच्या नावे करायला आलेले असत. बायकोच्या नावे म्हटले की ‘बघू पुढे’.

राज्य सरकारने करण्यासारखे एक लहान काम सुचवतो. २०२१ पासून घर बाईच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. पण खरेदीदार फक्त स्त्री किंवा स्त्रियाच असतील तर. नवराबायकोने जोडनावाने घर घेतले तर सूट नाही. परिणाम असा की ज्या घरात बायकोचे नाव सहज लागले असते तिथेही तिला वगळले जाते, कारण पूर्ण घर तिच्या नावावर करायची तयारी नसते आणि अर्ध्यासाठी फायदा नसतो. जोडनावालाही निदान अर्धा टक्का सूट द्या. त्याला ना संसदेची मंजुरी लागते, ना विवाह कायद्यात बदल. महसूल खात्याची एक अधिसूचना पुरते. आपल्या वार्ताहराने पुढच्या अर्थसंकल्पाआधी महसूलमंत्र्यांना हा प्रश्न विचारावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त दस्तलेखक,
सावंतवाडी