'स्मार्ट होम'च्या जाहिरातीत न्यूट्रलचाही उल्लेख हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वास्तुविषयक पुरवणीत 'स्मार्ट होम' सदनिकांच्या पानभर जाहिराती येतात. मोबाइलवरून चालणारे दिवे-पंखे त्यात ठळक अक्षरांत असतात. ते कोणत्या यंत्रणेवर चालणार आणि त्यासाठी भिंतीत वायरिंग कसे केले आहे, याबद्दल मात्र मी एकाही जाहिरातीत चकार शब्द वाचलेला नाही. मी पिंपरी-चिंचवड परिसरात विजेची ठेकेदारी करतो. लोक मला ताबा मिळाल्यावर बोलावतात, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

अशी उपकरणे थेट वायफायवर जोडता येतात, किंवा झिग्बी, थ्रेड यांसारख्या कमी विजेच्या मेश जाळ्यावर. मेशमध्ये प्रत्येक उपकरणाला हबपर्यंत, म्हणजे सगळी उपकरणे सांभाळणाऱ्या मुख्य यंत्रापर्यंत, थेट पोहोचावे लागत नाही. दाराचा सेन्सर पॅसेजमधल्या स्विचला निरोप देतो, स्विच हॉलमधल्या प्लगला आणि प्लग हबला. वेग सेकंदाला जेमतेम २५० किलोबिट, पण दिवा लावायला तो पुरून उरतो, आणि सेन्सर छोट्याशा सेलवर वर्षभर सहज चालतो. मी ग्राहकांना हीच पद्धत सुचवतो. आमच्या भागातल्या नव्या इमारतींत तर तिची गरज जास्तच आहे. तिथे मायवान पद्धतीने सगळ्या भिंती काँक्रीटच्या ओततात, आत सळयांची जाळी असते. हॉलमधले वायफाय मागच्या बेडरूमच्या बाथरूमपर्यंत धड पोहोचत नाही.

पण मेशची एक अट आहे. निरोप पुढे पाठवण्याचे काम कायम विजेवर असलेली उपकरणेच करतात. सेलवरची बहुतेक वेळ झोपलेली असतात. भिंतीतला स्विच कायम जागा राहायचा तर त्याच्या बॉक्समध्ये फेज (वीज आणणारी वायर) आणि सोबत न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) हवा. सॉकेट असलेल्या बोर्डात तो असतोच. नुसत्या दिव्याच्या बोर्डात किंवा पलंगाशेजारच्या टू-वे स्विचला मात्र बहुधा फक्त फेज नेतात, न्यूट्रल परस्पर लाइट पॉइंटला जातो. न्यूट्रलशिवाय चालणारे स्मार्ट स्विचही बाजारात आहेत. ते बल्बमधून जाणाऱ्या किंचित प्रवाहावर तग धरतात, त्यामुळे कमी वॉटचा एलईडी बंद केल्यावरही मिणमिणतो. शिवाय त्यातले बहुतेक दुसऱ्याचा निरोप पुढे पाठवत नाहीत.

मग लोक स्मार्ट बल्ब लावतात. माझ्या ओळखीच्या एक काकू एकट्या राहतात. मुलीने त्यांच्या बाथरूममध्ये आणीबाणीचे बटण बसवून घेतले. त्याचा निरोप पॅसेजमधल्या स्मार्ट बल्बमार्गे हबला जायचा. काकू झोपण्यापूर्वी पॅसेजचा स्विच बंद करायच्या, जसा कुणीही करेल. बल्बची वीज तुटली की बटणाचा हबशी संबंधच तुटायचा, तोही नेमका रात्री, ज्या वेळेसाठी ते बटण घेतले होते. "मग काय रात्रभर दिवा जाळू?" असे त्यांनी मला विचारले. त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. पॅसेजच्या बोर्डात न्यूट्रल असता तर तिथे स्मार्ट स्विच बसला असता, आणि त्यांनी दिवा बंद केला तरी तो निरोप पोहोचवत राहिला असता. विटांची भिंत असती तर झरी मारून, म्हणजे खाच पाडून, वायर नेली असती. इथे भिंतच इमारतीचा भार घेते, तिला हात लावायचा नाही. जुन्या पाइपात जागा असेल तरच निभावते. एरवी हे काम काँक्रीट ओतण्याआधीच व्हायला हवे.

न्यूट्रल नेतानाही एक पथ्य आहे. इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल तिच्याच सर्किटचा हवा. जवळ दिसला म्हणून दुसऱ्या सर्किटचा घेतला की आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा सुरक्षा स्विच) ट्रिप होऊ शकतो. हब आणि दोन-चार स्विच इन्व्हर्टरवर असले तर वीज गेल्यावरही जाळे टिकते. गीझर आणि एसीचे प्लग तेव्हा बंदच पडतात, त्यांच्या भरवशावर मेश उभी करू नये.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर हे सामाईक मानक आले, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकत्र चालणे सोपे झाले. पण मॅटर वायफायवरही चालते आणि थ्रेडवरही. नुसता मॅटरचा शिक्का दाखवून 'मेश आहे' असे सांगणाऱ्या विक्री प्रतिनिधीला पुढचा प्रश्न जरूर विचारावा.

घरखरेदीच्या रेरा कायद्याच्या नमुना करारनाम्यात लिफ्टचा ब्रँड किंवा किमतीची श्रेणी परिशिष्टात नमूद करावी लागते. 'स्मार्ट होम' म्हणून जादा पैसे घेणाऱ्या विकासकांनी त्याच परिशिष्टात तीन गोष्टी लिहाव्यात : यंत्रणा झिग्बी, थ्रेड की वायफाय, इंटरनेट किंवा कंपनीचा सर्व्हर बंद पडला तरी घरातले स्विच चालतील का, आणि प्रत्येक स्विच बॉक्समध्ये न्यूट्रल दिला आहे का. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात ज्यांनी घर घेतले आहे, त्यांनी आपल्या मजल्याचे काँक्रीट पडण्यापूर्वी साइट इंजिनिअरकडून न्यूट्रलचे उत्तर लेखी घ्यावे. आपल्या पुरवणीनेही या जाहिराती छापताना जाहिरातदारांकडे हा तपशील मागावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक परवानाधारक विद्युत ठेकेदार, चिंचवड