टॅरो इजिप्तचा नव्हे, इटलीचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टॅरोची पाने, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात ते चित्रांचे पत्ते, प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांनी रचली, असे भविष्याच्या सदरांतून अजूनही छापून येते. ती १५व्या शतकात उत्तर इटलीत, चक्क पत्ते खेळण्यासाठी रंगवली गेली. फ्लॉरेन्समधली नोंद १४४० ची आहे. इजिप्तचे पिल्लू सोडले १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने. तेव्हा इजिप्तची प्राचीन चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती. शांपोलिओं या फ्रेंच अभ्यासकाने ती उलगडली १८२२ मध्ये. गंमत अशी की चषक, नाणी, तलवारी, दांडकी हे चार रंग युरोपात खरोखरच इजिप्तकडून गेले, पण मामलुकांच्या, म्हणजे तिथल्या मध्ययुगीन राज्यकर्त्यांच्या काळातल्या, खेळायच्या पत्त्यांतून!

संचात ७८ पाने : चार रंगांची प्रत्येकी १४ आणि २२ हुकुमाची. ‘मार्सेय’ या जुन्या फ्रेंच धाटणीच्या संचात ‘न्याय’ आठवा, ‘बल’ अकरावे. १९०९ च्या ‘रायडर-वेट’ या इंग्रजी संचात नेमके उलट. मार्सेयच्या तलवारीच्या तिर्रीवर नुसत्या तीन तलवारी. रायडर-वेटची चित्रकार पामेला कोलमन स्मिथने त्या लाल काळजात खुपसल्या. एका संचाची पाने मांडून दुसऱ्याच्या पुस्तकातून अर्थ सांगितला की घोळ ठरलेला. आणि नवा संच पिसताना अर्धी गड्डी फिरवलीच नाही, तर ‘उलटे पान’ (डोके खाली आलेले, ज्याचा अर्थ वेगळा लावतात ते) येणार कुठून?

– एक वाचक, पुणे