मिरजेच्या डॉक्टर मॅडमना, डाव्या गुडघ्याकडून

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

शेवटच्या तपासणीला तुम्ही "जा आता, खेळ" म्हणालात आणि लगेच पुढच्या पेशंटला आत बोलावलंत. आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून हे चारचौघांत लिहितेय, आमच्या मंडळाच्या पोरींनीही वाचावं.

कबड्डीत चढाईवरून परत फिरताना माझा बूट मॅटवर रुतला, अंग वळलं आणि गुडघा आत गेला. 'कट्' आवाज कोपऱ्यावरच्या पोरीलाही ऐकू गेला. दोन तासांत गुडघा नारळाएवढा झाला. इतक्या लवकर सूज आली म्हणजे बहुतेक वेळा सांध्यात रक्त साचलेलं असतं, हे तुम्ही नंतर सांगितलंत. आम्ही मात्र मुरगळला म्हणून शेकला, तेल चोळलं, एकाकडून 'शीर बसवून' घेतली. एके ठिकाणी एक्स-रे काढला, "हाड ठीक आहे" म्हणाले. लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) एक्स-रेत दिसतच नाही, हे ५ आठवड्यांत कुणी बोललं नाही. शेवटी एसटीतून उतरताना गुडघा सटकला, मी स्टँडवरच बसकण मारली, तेव्हा कुठे मिरज गाठली.

तुम्ही आधी माझा उजवा पाय धरलात. मी म्हटलं, "मॅडम, डावा." "माहितीये. हा कुठं अडतो ते आधी बघ." गुडघा जरासा वाकवून एका हातानं मांडी धरली, दुसऱ्यानं नडगी पुढे ओढली. उजवा टक्कन थांबला. डावा मात्र सैल ड्रॉवरसारखा पुढे आला. एमआरआय नंतर झाला. मला कळायचं ते त्या टेबलावरच कळलं होतं: नडगीला पुढे सरकू न देणारं गुडघ्यातलं लिगामेंट, एसीएल, तुटलं होतं.

बाबांना दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन हवं होतं. तुम्ही नाही म्हणालात. आधी सूज उतरू दे, पाय पूर्ण सरळ होऊ दे, नाहीतर ऑपरेशननंतर गुडघा आखडेल. मग टाचेखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन गुडघा खाली दाबत बसायचं, रोज. मांडीच्या मागच्या स्नायूची शीर (टेंडन) काढून तिचं नवं एसीएल केलंत, त्यापेक्षा तो टॉवेल मला जास्त आठवतो. (आई अजून त्याला 'डॉक्टरीण टॉवेल' म्हणते.)

दुसरं 'नाही' फार लागलं. ऑपरेशननंतर सहाव्या महिन्यात जिल्ह्याची निवड चाचणी होती आणि मला काहीच दुखत नव्हतं. तुम्ही फरशीवर पट्टी चिकटवून एका पायावर उडी मारायला लावलीत. डावा पाय उजव्याच्या ७८ टक्केच गेला. "किमान ९० हवेत, आणि ९ महिने व्हायच्या आत मी सोडणार नाही. दुखणं थांबलं म्हणजे नवी शीर पक्की झाली असं नाही." मी तुमच्यासमोर रडले, बाहेर येऊन तुम्हाला शिव्याही दिल्या. त्याची माफी इथंच मागते.

अकराव्या महिन्यात मॅटवर उतरले. पहिल्याच चढाईत चवडा पकडला गेला, मी बाद. पण उठले आणि चालत बाहेर आले.

आता एक मागणं. मुलींचं एसीएल मुलांपेक्षा जास्त तुटतं असं तुम्ही म्हणाला होता. आमच्याकडे १४ पोरी आहेत. उडीनंतर गुडघे आत न पाडता कसं उतरायचं ते त्यांना एकदा दाखवाल का? रविवारी सकाळी ६ ला सराव असतो. पट्टी मी चिकटवून ठेवते.

तुमची,
उजवा पाय आधी दाखवलेली पेशंट