वखारीतल्या मिस्त्रींना, एका डावखुऱ्या गिऱ्हाइकाकडून

मिस्त्री, नमस्कार.

टेबल उभं राहिलं. डुगडुगत नाही, आणि चारही पायांचा आतला उतार एकसारखा आला आहे. तुम्ही मोबाइल फक्त बोलण्यापुरता वापरता, तेव्हा हे पत्र तुमचा नातू वाचून दाखवील अशा भरवशावर लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच, आणि उद्यापासून "आम्हालाही टेबलाचे पाय कापायचा तसला पाट करून द्या" म्हणत लोक वखारीपुढे उभे राहिले तर मालक मला बोल लावतील.

ज्यांचे आभार मानायचे नाहीत त्यांचं आधी उरकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

निमुळते पाय टेबल सॉवर, म्हणजे फिरतं पातं मधून वर आलेल्या करवतीच्या मशीनवर, कापायला जिग लागतं, म्हणजे लाकूड तिरकं धरून पात्याजवळून सरकवायचं साधन. तर ते विकतच आणावं, असं मला वाटत होतं. हत्यारांच्या एका दुकानात गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्या मागे कोणी पुरुष उभा आहे का ते पाहिलं, नव्हता, म्हणून विचारलं, "साहेब वापरणार का?" मी म्हटलं, मी वापरणार. मग त्यांनी अॅल्युमिनियमचे दोन लांब हात पुढे ठेवले. एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला अंशांची पट्टी. "कुठल्याही मशीनला चालतं मॅडम. डिग्री लावा आणि ढकला."

आता माझा पाय 45 मिमी चौरस, 720 मिमी उंच. वरचे 120 मिमी सरळ ठेवायचे, कारण तिथे आडव्या पट्ट्या येऊन बसतात. उरलेल्या 600 मिमीत जाडी 45 वरून 25 वर आणायची. म्हणजे कोन दोन अंशांहूनही थोडा कमी. त्या जिगाच्या पट्टीवर एकेक अंशाची जाडजूड रेघ. पाव अंश इकडेतिकडे झाला तरी खालच्या टोकाला अडीच मिमीहून जास्त फरक पडतो, आणि चार पायांच्या टेबलाला तो लांबून दिसतो. पण कोनाचं एक वेळ चाललं असतं. त्या जिगावर लाकूड धरून ठेवायला काहीच नव्हतं. पाय आपल्या हातानं जिगाला दाबून ठेवायचा आणि त्याच हातांनी दोन्ही पुढे ढकलायचं. मशीनवरची टेकायची सरळ पट्टी, म्हणजे फेन्स, उजवीकडे, जिग फेन्सला लागून, मग लाकूड, मग फिरतं पातं. उजव्या हाताच्या माणसाला हे जमत असेल. माझा जोर डाव्या हातात, आणि तो हात जिगापर्यंत न्यायचा तर पात्यावरून आडवा जातो. पहिल्याच पायाला लाकूड सरकलं, पात्यानं ते मागे फेकलं आणि ते माझ्या कमरेजवळून जाऊन भिंतीवर आपटलं. त्या दिवशी मशीनचा प्लग काढला तो बरेच दिवस लावला नाही.

दुकानदार म्हणाले, वापरलेला माल परत होत नाही.

सुतारकामाच्या ज्या वर्गाला मी जात होते तिथल्या सरांनी वेगळा उपाय सांगितला: "मशीनपुढे डावा हात विसरायचा." हळदीकुंकवाला डावा हात पुढे आला की टोकणाऱ्या आत्याबाईंची आठवण झाली. दहातला एक माणूस डावखुरा असतो. त्या सगळ्यांनी हात विसरायचा, पण जिग काही बदलायचं नाही.

तुमच्याकडे मी जिगासाठी आलेच नव्हते. चार पाय वखारीच्या मशीनवर कापून मिळतील का, एवढंच विचारायला आले होते. भीती वाटते हे सांगितलं नव्हतं, ते तुम्हाला बहुधा कळलं. तुम्ही ते अॅल्युमिनियमचं जिग हातात घेऊन उघडलं, मिटलं, बाजूला ठेवलं. त्याबद्दल एक अक्षर वाईट बोलला नाहीत. मला पेन्सिल दिलीत आणि म्हणालात, "ताई, उतार कुठून सुरू करायचा आणि कुठं संपवायचा, तेवढं खुणा करून दाखवा." मी खुणा केल्या. अंश तुम्ही विचारलेच नाहीत.

मग भंगारातला 12 मिमी प्लायचा तुकडा घेतलात. पायाच्या दोन्ही खुणा प्लायच्या कडेवर आणल्या की पातं त्याच रेषेत जाणार, कोन मोजायची गरजच नाही, हे तुम्ही बोलून नाही, पाय ठेवून दाखवलंत. मागे टेकायला एक ठोकळा, बाजूला एक पट्टी, वरून दाबायला टॉगल क्लॅम्प, म्हणजे दांडा पाडला की लाकूड घट्ट दाबून धरणारी पकड. एवढाच पाट. क्लॅम्प मात्र समोरच्या दुकानातून आणायला लावलेत. "ही वस्तू विकतच घ्यायची. ती घरी करत बसलं तर टेबल पुढच्या दिवाळीला होईल."

पाट तयार झाला, उजव्या अंगाला मूठही बसली, आणि तुम्ही थांबलात. पुन्हा पेन्सिल पुढे केलीत. म्हणालात, "एक रेघ मारा बघू." मी मारली. तुम्ही माझ्या हाताकडे पाहिलंत, स्क्रू काढायला घेतलेत, अख्खा पाट उलटा केलात, आणि मूठ, क्लॅम्प, ठोकळा सगळं दुसऱ्या बाजूनं बसवलंत. पाटाच्या खाली, मशीनवरच्या खाचेत सरकणारी सागाची पट्टीही पात्याच्या डावीकडच्या खाचेत चालेल अशी लावलीत. "डावखुऱ्या का?" एवढंसुद्धा विचारलं नाहीत. चूक दुरुस्त करतोय असा चेहरा नाही, उपकार करतोय असाही नाही. चष्म्याची काडी वाकडी असली की माणूस सरळ करून देतो, तितकंच.

मी तेव्हा काही बोलले नाही, कारण घसा दाटून आला होता. गोष्ट स्क्रूंची होती, हे मलाही कळत होतं. पण इतक्या वर्षांत कात्री असो, शाळेतलं हात टेकायच्या फळीचं बाक असो की बॅंकेतलं साखळीला बांधलेलं पेन असो, वस्तूप्रमाणे मीच वळत आले होते. कोणी वस्तू माझ्याकडे वळवली, ते पहिल्यांदाच.

नंतर उजव्या हातासाठी पुढे दुसरी मूठ बसवलीत तेव्हा मी विचारलं, ही कशाला? तुम्ही म्हणालात, "दोन्ही हात मुठीवर असले की पात्याकडं जायला तिसरा हात नाही." सरांच्या वर्गात सुरक्षिततेवर एक अख्खा तास झाला होता. त्यातलं मला आता काही आठवत नाही.

घरी जाऊन बाकीचं तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. खालची सागाची पट्टी तुम्ही मुद्दाम किंचित जाड ठेवली होती. रंध्याचे दोन हात मारल्यावर ती माझ्या मशीनच्या खाचेत अशी बसली की हलत नाही आणि अडतही नाही. या छोट्या मशीनची खाच अरुंद आहे, बाजारातल्या तयार पाटांची 19 मिमीची पट्टी तिच्यात शिरलीच नसती. पावसाळ्यात फुगली तर पुन्हा एक हात, हेही तुमचंच. पहिल्या फेरीत पात्यानं प्लायची कड कापली आणि तीच माझी रेघ झाली. आधी रद्दी लाकडावर, मग सागावर. आतल्या दोनच बाजू कापल्या, बाहेरच्या सरळ ठेवल्या. अमेरिकेतले शेकर पंथाचे लोक आपल्या टेबलांना असाच उतार देत. बाहेरून पाय ताठ उभे दिसतात आणि टेबल हलकं वाटतं. एक बाजू झाल्यावर कापलेली बाजू वर करायची, म्हणजे पाय अजून सपाट असलेल्या बाजूवरच बसतो, हे मात्र तुम्ही सांगितलं नसतं तर मी उलटंच केलं असतं.

विकत की घरी, असं आता मला कोणी विचारलं तर मी सरसकट "घरीच करा" म्हणणार नाही. ज्याला रोज पाय कापायचेत, वेगवेगळ्या मापांचे, त्यानं क्लॅम्प आणि मोजपट्टी असलेला चांगला तयार पाट खुशाल घ्यावा, वेळ वाचतो. ज्यावर लाकूड पकडायची सोय नाही ते फुकट मिळालं तरी घेऊ नये. आणि ज्याचा हात, उंची किंवा मशीन चारचौघांसारखं नाही, त्यानं प्लायचा तुकडा शोधावा. माझ्या पाटाला क्लॅम्प, स्क्रू आणि तुमची अर्धी दुपार लागली. यातली शेवटची वस्तू कुठल्या दुकानात मिळते ते मला माहीत नाही.

तुम्ही मला नाही म्हणू शकला असतात. वखारीच्या मशीनवर चार पाय कापून, मजुरी घेऊन पाठवलं असतंत तरी मी खूश होऊन गेले असते आणि घरचं मशीन कायमचं झाकून ठेवलं असतं. तुमचे वडील बैलगाड्या करायचे, बाभळीचे आरे वाकसानं तासताना गाडीवान कसा बसतो ते आधी विचारायचे, असं तुम्ही चहा पिताना म्हणालात. मला वाटतं ते तुम्ही सहज सांगितलंत, पण मी ते त्या दुकानदाराला जाऊन सांगावं असं फार वाटतं. अजून गेले नाही. भांडण होईल.

शहाणपण शिकवणारी माणसं मला पुष्कळ भेटली, आणि ती वाईट नव्हती. त्यांना उत्तर आधीच माहीत असायचं, एवढंच. तुम्ही रेघ मारायला लावलीत.

आता पैशांचं. मी दिलेली नोट तुम्ही दोनदा परत केलीत आणि प्लाय भंगारातला होता म्हणालात. प्लाय भंगारातला असेल, सागाची पट्टी नव्हती, मी पाहिलं आहे. तेव्हा पट्टीचे आणि दुपारचे पैसे मी मालकांकडे पाकिटात देऊन आले आहे, त्यावर तुमचं नाव आहे. मालकांना सांगून ठेवलं आहे की परत घेणार नाही. पुढच्या महिन्यात याच टेबलाला दोन स्टूल करायची आहेत. त्यांचे पाय चारही बाजूंनी निमुळते हवेत, आणि तिथे हा पाट कसा वळवायचा ते मला अजून सुचलेलं नाही. पाकीट घेतलंत तरच विचारायला येईन.

तुमची,
डाव्या खाचेवाली ताई